एका प्रार्थनागृहाची वहिवाट

कोची बंदराच्या मुखाशी, जेथे किनाऱ्यावरील चिनी पद्धतीची प्रचंड जाळी पाण्यात उतरतात आणि पुन्हा वर येतात, तेथून चालत थोड्याच अंतरावर, जुन्या लष्करी कवायतीच्या मैदानाला लागून, आज संत फ्रान्सिसच्या नावाने ओळखले जाणारे एक चर्च उभे आहे. ज्याने जुन्या गोव्यातील भव्य चर्चे पाहिली आहेत आणि तेथील सोनेरी वेदींसमोर जो क्षणभर स्तिमित झाला आहे, त्याला ही वास्तू प्रथमदर्शनी फारच साधी वाटेल. तिला घुमट नाही, उत्तुंग मनोरा नाही. दर्शनी भिंतीच्या दोन्ही अंगांना टप्प्याटप्प्याने वर जाणारे सुळके, मध्यभागी कमानदार दरवाजा, त्यावर खिडकी, भिंतीच्या त्रिकोणी शेंड्यात घंटांसाठी सोडलेल्या मोकळ्या कमानी आणि मागे लाकडी वाशांवर बसविलेले कौलारू छप्पर, एवढाच तिचा पसारा. तथापि युरोपीयांनी भारतभूमीवर बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या चर्चांमध्ये हे सर्वांत जुने मानले जाते, आणि त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, पाचशे वर्षांहून अधिक काळात राज्ये बदलली, पंथ बदलले, प्रार्थनेची भाषा बदलली, तरी येथील उपासनेची वहिवाट आजतागायत चालत आली आहे.

प्रवासी येथे येतात ते बहुधा वास्को द गामाचे थडगे पाहण्यासाठी. कठड्याने वेढलेली जमिनीतली एक शिळा पाहून, तिचे छायाचित्र घेऊन ते निघून जातात. हा त्या वास्तूवर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. ज्या दर्यावर्दीची अस्थीही आता तेथे उरलेली नाही, त्याच्या रिकाम्या जागेपाशी चर्चचा इतिहास संपत नाही. एकाच छताखाली निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी काय काय केले, कोणती वस्तू ठेवली, कोणती बाहेर काढली आणि कोणती जागेवरून हलवून दुसरीकडे मांडली, याचा मागोवा घेतला म्हणजे एखाद्या धर्मग्रामाची (पॅरिशची) वास्तू कशी जगते, हे अतिशय स्पष्टपणे दिसू लागते.

१५०० सालच्या डिसेंबरात पेद्रो आल्वारिश काब्रालचे आरमार कोचीला पोहोचले. कालिकतच्या सामुतिरी राजाशी त्याचा नुकताच रक्तपात होऊन बिनसले होते, आणि सामुतिरीच्या वर्चस्वाचा जाच सोसणाऱ्या कोचीच्या राजाला नवा मित्र हवाच होता. अशा परस्परांच्या गरजेतून या बंदरात पोर्तुगीजांचे पाऊल रोवले गेले. १५०३ मध्ये अफोंसो द आल्बुकर्कने राजाच्या परवानगीने किल्ला उभारला, पोर्तुगालच्या मानुएल राजाचे नाव त्याला दिले, आणि किल्ल्याच्या आवारातच संत बार्थोलोम्यूच्या नावाने एक लाकडी देऊळ बांधले. ते लाकडाचे असण्यात केवळ घाई नव्हती. विटा, चुना आणि कौले यांचे पक्के बांधकाम त्या काळच्या मलबारात मंदिरे आणि राजवाडे यांच्यासाठी राखून ठेवलेले असे, आणि परक्यांना तशी मुभा देणे ही राजाच्या दृष्टीने लहानसहान बाब नव्हती. ती मुभा १५०६ मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने मिळविली. फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंनी पक्के चर्च बांधून १५१६ मध्ये पूर्ण केले आणि ते संत अँथनीला अर्पण केले.

या पहिल्या पर्वात चर्चचा उपयोग एकपदरी नव्हता. ते मठवासी साधूंचे उपासनास्थान होते, किल्ल्यातील शिपायांचे व व्यापाऱ्यांचे मिस्सा ऐकण्याचे ठिकाण होते, आणि त्याचबरोबर ते दफनभूमीही होते. प्रतिष्ठित मृतांना चर्चच्या जमिनीखालीच पुरावे आणि वर नाव व कुलचिन्ह कोरलेली शिळा बसवावी, ही त्या काळच्या युरोपातील सर्वमान्य चाल होती. जिवंतांनी मृतांच्या माथ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करावी, यात त्यांना विपरीत असे काही वाटत नसे. १५२४ साली तिसऱ्यांदा आणि या खेपेस व्हाइसरॉय होऊन आलेला वास्को द गामा नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत मरण पावला, तेव्हा त्याला याच चर्चमध्ये पुरण्यात आले. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. जागा मात्र त्याचीच राहिली, आणि त्याचे नाव त्या चर्चला पुढे कित्येक शतके उपयोगी पडले.

१६६३ च्या जानेवारीत रायक्लोफ फान खून्स याच्या सेनापतित्वाखाली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने कोची जिंकली, आणि या वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आला. डच हे रिफॉर्म्ड पंथाचे प्रॉटेस्टंट. पोर्तुगिजांशी त्यांचे वैर व्यापाराचे होते तसेच धर्माचेही होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना शहराबाहेर घालविले आणि मठ, चर्चे, विद्यालये जमीनदोस्त केली. उपासनेसाठी त्यांनी राखले ते हे एकच चर्च. मला वाटते, यात औदार्यापेक्षा निकड अधिक होती. कंपनीच्या अंमलदारांना आणि शिपायांना रविवारी एकत्र जमण्यासाठी, बाप्तिस्म्यासाठी, विवाहासाठी आणि मृतांना निरोप देण्यासाठी एक छप्पर हवे होते. ते आयतेच मिळत असता पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च हिशेबी व्यापारी कशाला करतील? शेजारीच असलेल्या सांता क्रूझच्या भाग्याकडे पाहिले म्हणजे या तर्काला बळ येते. १५५८ पासून कॅथेड्रलची प्रतिष्ठा लाभलेले ते थोर चर्च डचांनी पाडले नाही. त्यांनी त्याचे शस्त्रागार केले. जेथे धर्मप्रांताचा बिशप बसत असे, तेथे दारूगोळा ठेवण्यात आला. एका चर्चचा उपयोग बदलला तरी तो माणसांच्या एकत्र जमण्याचाच राहिला, दुसऱ्याचा उपयोग माल साठविण्याचा झाला. पुढे ब्रिटिशांनी ते कोठार पाडून टाकले तेव्हा त्याच्यासाठी उभा राहील असा तेथे कोणीही नव्हता. आज सांता क्रूझ या नावाने जे सुंदर चर्च कोचीत दिसते ते नव्याने बांधून १९०५ साली समर्पित झालेले आहे. जुन्या वास्तूचा एक नक्षीदार पाषाणस्तंभ तेवढा त्याच्या आवारात जपून ठेवला आहे.

मिळालेल्या चर्चचे डचांनी काय केले, हे पाहताना उपासनेच्या पद्धतीतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. कॅथलिक चर्चचा प्राण वेदीपाशी असतो. पूर्व टोकाला वेदी, तिच्यावर क्रूस, भोवती संतांच्या मूर्ती व चित्रे, धूप, मेणबत्त्या, आणि सर्वांची दृष्टी धर्मगुरूच्या हातून घडणाऱ्या यज्ञविधीकडे लागलेली, अशी तेथील रचना. रिफॉर्म्ड पंथाला मूर्तिपूजेचा तिटकारा. त्यांच्या उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन आणि त्यावरील प्रवचन यांना अग्रस्थान, आणि म्हणून वेदीपेक्षा व्यासपीठाला मान अधिक. तेव्हा मूर्ती गेल्या, वेदी गेली, तिच्या जागी प्रभुभोजनाचे साधे मेज आले, भिंती निराभरण झाल्या. संतांच्या नावाने चर्च अर्पण करण्याची चालही त्यांना मान्य नसल्यामुळे संत अँथनीचे नावही मागे पडले. परंतु जमिनीतल्या पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा त्यांनी उखडून फेकल्या नाहीत. आपल्या मृतांना त्यांनी त्यांच्याच शेजारी जागा दिली. जिवंतपणी जे एकमेकांवर तोफा डागीत होते, ते मरणोत्तर एकाच फरशीखाली निजले. १७७९ मध्ये डचांनी इमारतीचे नूतनीकरण केले, त्याची साक्ष देणारी शिळा प्रवेशद्वारावर आजही आहे.

डच अमदानीत या चर्चला आणखी एक रूप आले, ते सरकारी दप्तराचे. कंपनीच्या राज्यात धर्मोपदेशक हा कंपनीचा पगारी नोकर असे आणि चर्च ही राज्ययंत्रणेची एक शाखा असे. कोणाचा जन्म झाला, कोणाचा विवाह कोणाशी झाला, याचा अधिकृत दाखला म्हणजे चर्चची नोंदवही. वारसाहक्काचा, नोकरीचा, अनाथ मुलांच्या मिळकतीचा निवाडा तिच्या आधारे व्हावयाचा. १७५१ पासून १८०४ पर्यंतच्या बाप्तिस्म्यांची व विवाहांची डच नोंदवही या चर्चने सांभाळून ठेवली आहे. मला स्वतःला वास्को द गामाच्या शिळेपेक्षा ही वही अधिक मोलाची वाटते. शिळा एका प्रसिद्ध पुरुषाची आहे. वहीत मात्र इतिहासाने ज्यांची दखल कधी घेतलीच नसती अशी सामान्य माणसे आहेत: कारकून, शिपाई, खलाशी, त्यांच्या बायका आणि पहिल्या आंघोळीच्या दिवसांतच ज्यांची नावे शाईने उतरली गेली ती त्यांची बालके. धर्मग्राम म्हणजे केवळ हद्द नव्हे; एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली जन्मणाऱ्या, लग्न करणाऱ्या आणि मरणाऱ्या माणसांचा तो समुदाय आहे, आणि त्याची इमारत ही त्या समुदायाची स्मृती ठेवण्याची जागा आहे. आमच्या वसईकडील ख्रिस्ती बांधवांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या घराण्याची परंपरा ते आजही आपल्या धर्मग्रामाच्या वह्यांतून शोधतात.

वसईचे नाव निघालेच आहे, तर तेथे क्षणभर थांबले पाहिजे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. किल्ल्यात पोर्तुगीज सरदारांची आणि निरनिराळ्या धर्मसंघांची मोठमोठी चर्चे होती. पोर्तुगीज निघून गेले आणि त्यांच्यामागे ती ओस पडली. आज त्यांच्या दगडी दर्शनी भिंती उभ्या आहेत, पण छपरे नाहीत. गाभाऱ्यात गवत वाढते. किल्ल्याबाहेरच्या गावांतील गोष्ट मात्र निराळी झाली. रमेदी, सांडोर, नंदाखाल येथील शेतकरी आणि कोळी कोठेही गेले नाहीत, त्यांची भक्ती गेली नाही, आणि म्हणून त्यांच्या धर्मग्रामांचा प्रपंच चालू राहिला. चर्चे मोडली तर पुन्हा बांधली गेली. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन संघाचे चर्च याहून अधिक करुण साक्ष देते. १६०२ मध्ये पूर्ण झालेली ती विशाल वास्तू, १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यामुळे रिकामी झाली. अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, तिचे कमानछत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. तिची भली मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेऊन टांगण्यात आली, म्हणून ती तेवढी अजून वाजते. कोकणपट्टीचा पाऊस आणि खारे वारे कोणत्याही शत्रूसैन्यापेक्षा निर्दय असतात. कौल सरकले की ते त्याच आठवड्यात नीट करणारा मनुष्य जेथे नाही, तेथे दगड-चुन्याची शतकांची पुण्याई दोन-चार पावसाळ्यांत वाहून जाते. मलबारचा पाऊसही काही कमी नाही. कोचीचे चर्च तगले त्याचे कारण हेच की, एकही पावसाळा त्याला धन्यावाचून काढावा लागला नाही.

१७९५ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी डचांकडून कोची घेतली. या वेळी धर्माचे वैर नव्हते, दोघेही प्रॉटेस्टंट. म्हणून चर्च काही वर्षे डचांच्याच ताब्यात राहिले, आणि १८०४ मध्ये त्यांनी ते आपण होऊन अँग्लिकनांच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी डच नोंदवहीतील शेवटची नोंद पडावी, हा योगायोग नाही. एका समुदायाची शक्ती संपत आल्याची ती खूण आहे. १८१४ च्या तहाने तर हॉलंडने बांका बेटाच्या मोबदल्यात कोचीवरील आपला हक्क कायमचा सोडून दिला.

अँग्लिकन अमदानीत चर्चला संत फ्रान्सिसचे नाव मिळाले. ज्या फ्रान्सिस्कन साधूंनी ते बांधले होते त्यांच्या मूळ गुरूचे नाव त्यांच्या हकालपट्टीनंतर अशा रीतीने परत यावे, हे मला फार हृद्य वाटते. अंतर्भागात पुन्हा बदल झाले. १८८६-८७ च्या सुमारास दुरुस्ती झाली तेव्हा जमिनीतल्या थडग्यांच्या शिळा काढून त्या भिंतींत उभ्या बसविण्यात आल्या: उत्तरेच्या भिंतीत पोर्तुगीज, दक्षिणेच्या भिंतीत डच. या एका फेरफाराचा अर्थ खोल आहे. शिळा जमिनीत होत्या तोवर त्या थडगी होत्या. त्यांच्याखाली मनुष्य होता आणि त्या मनुष्यासाठी प्रार्थना करावयाची होती. भिंतीत चढल्या तेव्हा त्या वाचण्याच्या वस्तू झाल्या. चर्चमध्ये इतिहास पाहावयास येणाऱ्या प्रवाशाची वाट त्या दिवशी मोकळी झाली, आणि स्मारक म्हणून या वास्तूचे जे पुढले आयुष्य, त्याचा आरंभ मी तेथूनच धरतो. पावलांनी झिजत चाललेली अक्षरे वाचली, हा लाभ मोठाच. परंतु कोणत्या शिळेखाली कोण होता हा संबंध तुटला, हेही मान्य केले पाहिजे.

इंग्रजी काळाची आणखी एक खूण म्हणजे छताखाली आडव्या टांगलेल्या कापडी पंख्यांची रांग. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर नेलेले आहेत. उपासना चालू असताना बाहेर उन्हात बसलेली माणसे ते दोर ओढीत आणि आत बसलेल्यांना वारा लागे. चर्चच्या स्मृतिफलकांवर अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, धर्मगुरूंची नावे आहेत. दोर ओढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. पंखे जतन केले आहेत हे उत्तमच झाले, कारण त्या भिंतीच्या आत आणि बाहेर समाजाची विभागणी कशी झाली होती, हे कोणत्याही ग्रंथाहून ते दोर अधिक चांगले सांगतात.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चर्चच्या आवारात नव्या वस्तू आल्या. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कोचीकरांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये स्मारकस्तंभ उभारला गेला. १९२३ मध्ये बंदरातील एका ब्रिटिश व्यापारी पेढीच्या माजी संचालकाच्या स्मरणार्थ दर्शनी भागावर घड्याळ बसले. त्याच १९२३ साली, १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याखाली, चर्च संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाले. हा कायदा लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतला. त्यातील एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते: सरकारने देखभालीस घेतलेले उपासनास्थान त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी वापरले जाऊ नये. वास्तू जतन करावयाची म्हणजे तिच्यातील माणसांना बाहेर काढून तिला कुलूप लावायचे, असा मार्ग या देशात पत्करला गेला नाही, याचे श्रेय अशा तरतुदींना आहे. उपासना थांबलेल्या वास्तूंचा प्रश्न वेगळा, आणि तेथे नवा उपयोग शोधणे हेच इष्ट. जुन्या गोव्यात फ्रान्सिस्कनांच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. दीवमध्ये संत थॉमसच्या चर्चचे संग्रहालय झाले आणि असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये रुग्णालय चालले. औषधपाण्यासाठी आलेल्या माणसांची वर्दळ ही रिकाम्या गाभाऱ्यातील शांततेपेक्षा इमारतीला केव्हाही अधिक मानवते.

स्वातंत्र्याच्या वर्षी या चर्चने आपला शेवटचा पालट अनुभवला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली आणि दक्षिणेतील अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरा एका संघटनेत आल्या. प्रेस्बिटेरियन आणि डच रिफॉर्म्ड ही एकाच मुळाची, कॅल्विनच्या शिकवणुकीतून निघालेली दोन कुळे. म्हणजे १८०४ मध्ये ज्या परंपरेने येथून निरोप घेतला, तिच्या भावंडांच्या परंपरेबरोबर एकत्र झालेल्या चर्चकडे १९४७ नंतर ही वास्तू आली. पोर्तुगीज साधूंची कॅथलिक परंपरा या ऐक्याच्या बाहेर राहिली. ती पलीकडच्या सांता क्रूझमध्ये आपली मिस्सा चालवीत आहे.

आज इमारतीची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते आणि रविवारची उपासना स्थानिक मंडळी चालविते. या दुहेरी कारभारात अडचणी येणे अपरिहार्य आहे: उपासकांना बसण्याच्या सोयी हव्यात, पुरातत्त्वज्ञांना एक खिळाही ठोकलेला खपत नाही, आणि प्रवाशांना प्रार्थनेच्या वेळीही आत येण्याची घाई असते. तरीही ज्या वाचकाला कोचीला जाण्याचा योग येईल, त्याने शक्यतो रविवार टाळून, सकाळी लवकर तेथे जावे. वास्को द गामाच्या शिळेकडे प्रथम न वळता उत्तरेच्या भिंतीपासून आरंभ करावा, पोर्तुगीज शिळांवरील कुलचिन्हे पाहावीत, मग दक्षिणेच्या डच शिळांपाशी यावे, वर मान करून पंखे पाहावेत आणि त्यांचे दोर भिंतीतून बाहेर कोठे जातात ते बाहेरून जाऊन पाहावे. एवढे पाहून झाल्यावर वास्कोच्या शिळेसाठी पाच मिनिटे पुरतात.